बुल-क्रॉस कुत्रा आणि वालाची राखण : थोडा इतिहास, थोडा हिशोब



भात झोडून झालं आणि वाल वर आले की पेण-रोह्याकडच्या डोंगराकडेच्या शेतांत एकच विषय असतो, रानडुक्कर. एका रात्रीत कळप उतरला की सकाळी शेत नांगरल्यासारखं दिसतं. हल्ली त्याला जोडून दुसरा विषय निघतो, तो म्हणजे राखणीला कुत्रा कुठला पाळायचा. तरुण पोरं मोबाईलवर व्हिडिओ दाखवतात. पाय लांब, छाती रुंद, जबडा जड. "काका, हा बुल-क्रॉस. एकटा डुकराला धरून ठेवतो. आणू का?"

हो किंवा नाही असं एका शब्दात सांगता येतं. पण ज्या कुत्र्यावर पैसे घालायचे तो मुळात कशासाठी तयार झाला हे माहीत असलेलं बरं. म्हणून आज थोडा इतिहास. लांबलचक आहे, सवडीने वाचा.

आधी कुत्र्यांचे प्रकार आपल्या भाषेत लावून घेऊ. एक डोळ्याचा कुत्रा. जनावर दिसलं की सुटतो आणि नुसत्या वेगावर गाठतो. ग्रेहाउंड, आपला कारवान, मुधोळ हे त्यातले. दुसरा नाकाचा. वास काढत जातो, दिसलं नाही तरी सोडत नाही. तिसरा दाताचा. गाठलं की धरतो, आणि धरलं की सोडत नाही. बुलडॉग आणि त्याच्या वंशातले सगळे यात आले.

डोळ्याच्या कुत्र्यात दुसऱ्या कामाच्या कुत्र्याचं रक्त मिसळलं की इंग्लंडात त्याला 'लर्चर' म्हणतात. दुसरं रक्त मेंढपाळाच्या कॉलीचं असेल तर कुत्रा समजूतदार निघतो, टेरियरचं असेल तर चिवट. आणि बुलडॉग किंवा बुल टेरियरचं असेल तर तो बुल-क्रॉस लर्चर. पोरं दाखवतात तो कुत्रा याच जातकुळीतला, फक्त ग्रेहाउंडच्या जागी कारवान आणि बुल टेरियरच्या जागी पिटबुल.

हा लर्चर आला कुठून? गरिबीतून आणि कायद्यातून. इंग्लंडच्या राजाने जंगलं स्वतःच्या शिकारीसाठी राखून ठेवली होती. त्या जंगलात राहणाऱ्या लोकांच्या कुत्र्यांच्या पुढच्या पायाची तीन नखं छाटायची रीत होती, म्हणजे कुत्रा हरणामागे पळायला नको. १२१७ च्या वन-सनदेत या छाटणीचे नियमच घालून दिलेत. पुढे १३८९-९० मध्ये कायदा झाला की ज्याच्या जमिनीचं वर्षाचं उत्पन्न ४० शिलिंगांपेक्षा कमी आहे त्याने ग्रेहाउंड किंवा कुठलाही शिकारी कुत्रा पाळायचा नाही. मग गरीब माणसाने काय करावं? दिसायला साधा पण वेगाने ग्रेहाउंडसारखा असा मिश्र कुत्रा पाळला. रात्री गपचूप जायचं, ससा आणायचा, चुलीवर ठेवायचा. म्हणून लर्चरचा पहिला गुण असा की तो भुंकत नाही. चोरट्या शिकारीला भुंकणारा कुत्रा काय कामाचा? ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

बुलडॉगचं रक्त घालायचा सगळ्यात गाजलेला प्रयोग मात्र गरिबाने नाही, एका सरदाराने केला. जॉर्ज वॉलपोल, ऑर्फर्डचा तिसरा अर्ल. १७७६ मध्ये याने स्वाफम गावात ग्रेहाउंडच्या सशामागच्या शर्यतींची संस्था काढली. त्याला वाटायचं, ग्रेहाउंड वेगवान आहेत पण काळजाचे कच्चे, दमले की सोडून देतात. म्हणून त्याने बुलडॉगशी संकर केला. लोक हसले. पण त्याने पहिल्या पिढीवर काम थांबवलं नाही. प्रत्येक पिढी परत ग्रेहाउंडशी लावत गेला, सहा-सात पिढ्या, आणि मग त्याला हवा तो कुत्रा मिळाला.

शेतकऱ्याला हा हिशोब पटकन कळेल. पहिल्या पिढीत बुलडॉगचं रक्त निम्मं. दुसरीत पाव. तिसरीत दोन आणे. सातव्या पिढीत १२८ भागांत एक भाग. म्हणजे ऑर्फर्डने बुलडॉग घातला तो भाजीत मीठ घालावं तितका. आणि सहा पिढ्यांत जी पिल्लं मनासारखी निघाली नाहीत ती बाजूला काढली. हे करायला अर्लची जहागीर होती, माणसं होती, वर्षं होती.

आज जो बुल-क्रॉस म्हणून विकला जातो तो बहुतेक पहिल्या नाहीतर दुसऱ्या पिढीचा. कर्जतच्या संशोधन केंद्राचं 'सह्याद्री' संकरित भात आपल्यातल्या कितीतरी जणांनी लावलंय. पहिल्या वर्षी पीक एकसारखं. त्याच भाताचं घरचं बी दुसऱ्या वर्षी पेरलं तर एक रोप उंच, एक बुटकं, एक आधी पिकतं, एक मागे राहतं. म्हणून बी दरवर्षी नवीन घ्या असं सांगतात. कुत्र्याचंही तेच. दोन संकरित कुत्री एकत्र लावून झालेल्या पिल्लांत कोणाला कारवानचे पाय आणि पिटबुलचं डोकं येईल, कोणाला उलटं, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

आता आपल्याकडे येऊ. कुत्रा आणि रानडुक्कर यांची झुंज आपल्याला व्हिडिओतून कळली असं कोणी समजू नये. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यात आतकूर नावाचं गाव आहे. तिथला एक कोरीव दगड आज बंगळूरच्या सरकारी संग्रहालयात आहे. शके ८७२, म्हणजे इसवी सन ९४९-५० चा. त्या वेळी राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण गादीवर होता. आपल्या उत्तर कोकणचे शिलाहार याच राष्ट्रकूटांचे मांडलिक. या कृष्णाच्या बाजूने गंग राजा बूतुग चोळांशी लढला. त्या लढाईत मणलेर नावाच्या वीराने पराक्रम केला. बूतुग खूश झाला, म्हणाला काय हवं ते माग. मणलेरने जमीन मागितली नाही, सोनं मागितलं नाही. त्याने राजाची 'काळी' नावाची शिकारी कुत्री मागून घेतली.

पुढे एका डोंगराजवळ काळीला मोठ्या रानडुकरावर सोडलं. दोघं एकमेकांना भिडली आणि दोघंही मेली. मणलेरने तिच्या नावाने दगड उभा केला, त्यावर कुत्री आणि डुक्कर कोरलं. दगडाच्या पूजेसाठी जमीन लावून दिली आणि पुजाऱ्याने पूजा केल्याशिवाय जेवायचं नाही अशी अट घातली. हजार वर्षांपूर्वी एका कुत्र्याला एवढा मान मिळाला. वाचून ऊर भरून येतो. पण शेतकऱ्याच्या नजरेने बघितलं तर त्या दगडावर अजून एक गोष्ट कोरलेली आहे. राजाच्या पदरची, पारखून निवडलेली कुत्रीसुद्धा डुकराला भिडली तेव्हा परत आली नाही.

त्यानंतर दोनेकशे वर्षांनी, ११२९ च्या सुमारास, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये कुत्र्यांवर वेगळं प्रकरण आहे. म्हणजे कामाप्रमाणे कुत्रा पारखणं ही आपल्याकडची जुनी विद्या आहे.

घाटावर ही विद्या कारवानच्या रूपाने टिकली. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, लातूर आणि पलीकडे विजापूर-बागलकोटचा माळ हा त्याचा मुलूख. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर आला म्हणून कारवान, असं सांगतात. मुधोळ संस्थानच्या मालोजीराव घोरपड्यांनी ही जात जोपासली म्हणून तिकडे तो मुधोळ. २००५ साली टपाल खात्याने त्याचं तिकीट काढलं. मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यक विद्यापीठाचं या कुत्र्यांसाठी केंद्र आहे आणि तिथली पिल्लं लष्कराच्या मेरठच्या केंद्रावर प्रशिक्षणाला गेली. इतकी नावाजलेली जात.

पण मंडळी, ती माळाची जात आहे. मैलभर मोकळं रान, कोरडी हवा, नजर पोचेल तिथपर्यंत काही आड नाही. आपल्याकडे काय आहे? करवंदीच्या जाळ्या, भाताचे बांध, जांभा दगड, श्रावणात माणसाएवढं गवत. डोळ्याच्या कुत्र्याला इथं दिसणार काय? दहा हातांवर जनावर झाडीत शिरलं की त्याचं काम संपलं. त्याची कातडी पातळ, काट्याने टराटरा फाटते. म्हणूनच कोकणात कारवान कधी रुजला नाही. कोणी बंदी घातली म्हणून नाही, जमिनीनेच त्याला नको म्हटलं.

इंग्रजांच्या काळात छावण्यांतून गोरे साहेब मिळेल त्या कुत्र्यांची मिश्र टोळी पाळायचे. ग्रेहाउंड, टेरियर, गावठी, सगळे एकत्र. त्याला ते 'बॉबरी पॅक' म्हणत. हा शब्द आपल्या 'बाप रे' वरून गेलाय, असं त्यांच्याच कोशात लिहिलेलं आहे. बाप रे म्हणण्यासारखाच गोंधळ असणार. साहेबांसाठी तो खेळ होता. कुत्रा मेला तर दुसरा आणायचा.

आपल्या बाजूचं जंगल बघा. मुरुड आणि रोह्याकडे पसरलेलं फणसाड हे जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं राखीव रान. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं आणि १९८६ मध्ये तिथे अभयारण्य झालं. इंग्लंडच्या राजाचं जंगल आणि नवाबाचं जंगल, मामला सारखाच. शिकार वरच्यांची, राखण खालच्यांची. खालच्यांचा कुत्रा कोणता? गावठी. कातकरी वाडीवरचा कुत्रा बघा. मध्यम अंगाचा, कान उभे, शेपूट वळलेली. तो नाक, कान आणि डोळा तिन्ही वापरतो. दुसरा कुत्रा धनगरांचा. दिवाळीनंतर घाट उतरून मेंढरं आपल्याकडे येतात, आपण खतासाठी ती शेतात बसवतो, तेव्हा त्यांच्याबरोबर असतो तो. अंगाने भारी, पण रात्रभर मेंढरांभोवती फिरून भुंकणं हेच त्याचं काम. वाघरू आलं तर आधी माणूस उठला पाहिजे, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे.

आता बुल-क्रॉसचे गुण. जे आहेत ते मोकळेपणाने सांगायला हवेत.

धाडस आहे. जखम झाली तरी मागे हटत नाही. नुसत्या कारवानपेक्षा हाडाने आणि कातडीने जाड, त्यामुळे काट्याकुट्यात जास्त टिकतो. नुसत्या बुल जातीपेक्षा पाय मोकळे आणि तोंड लांब, म्हणून पळू शकतो. केस आखूड, गोचीड शोधायला सोपं. लहानपणापासून माणसात वाढवला तर घरच्यांशी मायाळू असतो, हे पाळणारे सांगतात आणि ते खोटं नाही.

आता तोटे.

पहिला, उन्हाचा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. हवा दमट असली की धापांचा उपयोग कमी होतो. त्यात छाती जड आणि तोंड आखूड असेल तर लवकर तापतो. आपली हवा बारा महिने दमट.

दुसरा, तो मुका. लर्चरच्या बाजूने गुपचूप धावणं आलं, बुलच्या बाजूने गुपचूप धरणं आलं. राखणीला दोन्ही उपयोगाचं नाही. माळ्यावर झोपलेल्या माणसाला कळलंच नाही तर कुत्रा असून नसल्यासारखा.

तिसरा, तो सोडत नाही. हाच त्याचा गुण आणि हाच दोष. मोठा नर डुक्कर शंभर किलोच्या वर जातो, खालून वर सुळा मारतो. ज्या देशांत कुत्र्यांनी डुकराची शिकार चालते तिथे कुत्र्यांचे दोन गट असतात. एक भुंकून डुकराला अडवून धरणारे आणि दुसरे जाऊन पकडणारे. बुलचं रक्त दुसऱ्या गटात. त्या कुत्र्याच्या गळ्यात जाड पट्टा, छातीवर जाड कापडाचं चिलखत, आणि मागोमाग हत्यार घेऊन माणूस धावत असतो. पकडणारा कुत्रा एकटा सोडायचा नाही, हे त्या धंद्याचं पहिलं कलम. आपण काय करतो? उघड्या अंगाचा कुत्रा अंधारात एकटा सोडतो. काळीचं जे झालं तेच याचं होणार, फक्त दगड कोणी उभा करणार नाही.

चौथा, शेजारधर्म. धरायची खोड लागलेला कुत्रा डुक्कर मिळालं नाही तर शेजाऱ्याची शेळी धरतो, वासरू धरतो. शाळेत जाणारं पोर पळालं तर? गावठी कुत्रा एकदा चावून बाजूला होतो. याने धरलं तर सोडवायला चार माणसं लागतात. एका शेळीच्या भरपाईत वालाचं पीक जातं, आणि पोराच्या बाबतीत तर भरपाई हा शब्दच नको.

पाचवा, कायदा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात शिकारीची व्याख्या वाचा. मारणं तर आहेच, पण पकडणं, हाकणं आणि कुत्र्यांकरवी पाठलाग करणं, आणि तसा नुसता प्रयत्न करणंसुद्धा त्यात येतं. डुकरावर मुद्दाम कुत्रा सोडून व्हिडिओ काढला म्हणजे आपल्याच हाताने पुरावा तयार केला. झुंज लावणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्यानेही गुन्हा आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ आक्रमक जाती आणि त्यांचे संकर यांवर बंदी घाला असं राज्यांना कळवलं, त्यात पिटबुल होता. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. म्हणजे आज हो, उद्या नाही. अशा जनावरात पैसे अडकवण्याआधी विचार करा. खुद्द इंग्लंडात, जिथे लर्चर जन्माला आला, तिथे २००४ च्या कायद्याने कुत्र्यांकरवी ससा-हरणाची शिकार बंद झाली. कुत्रा राहिला, त्याचं काम गेलं.

आणि खरा मुद्दा इथेच आहे. प्रत्येक संकरामागे एक काम होतं. लर्चरचं काम चोरून ससा आणणं. ऑर्फर्डच्या कुत्र्याचं काम शर्यत जिंकणं. साहेबाच्या टोळीचं काम साहेबाची करमणूक. आपलं काम काय? आपल्याला डुक्कर पकडायचं नाही, मारायचं नाही. आपल्याला ते वालात येऊ द्यायचं नाही, एवढंच. या कामाला दात लागतच नाहीत. लागतो गळा. डुक्कर बांधाच्या पलीकडे असतानाच ज्याला वास आला आणि ज्याने आभाळ डोक्यावर घेतलं तो आपला कुत्रा. आणि हा कुत्रा पैसे देऊन आणावा लागत नाही. आपल्याच गावात उकिरड्यावर उन्हाला बसलाय.

म्हणून माझं उत्तर असं. एकाच्या जागी दोन गावठी ठेवा, कारण एक भुंकला की दुसरा साथ देतो. पिल्लू आईपासून फार लवकर तोडू नका. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस द्या आणि दरवर्षी देत जा. रात्री माळ्याजवळ, माणसाच्या आवाजाच्या टप्प्यात ठेवा. आपल्याकडे बिबट्या आहे आणि कुत्रा हे त्याचं आवडतं खाणं, म्हणून उघड्यावर लांब बांधून घरी झोपायला जाऊ नका, बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. कुत्र्याच्या जोडीला कुंपण, बत्ती, पत्र्याचा डबा लागतोच. एकटा कुत्रा कळप थोपवणार नाही, मग तो कुठल्याही जातीचा असो. नुकसान झालं तर ताबडतोब फोटो काढा, वन विभागाकडे अर्ज करा, पंचनामा करून घ्या. रानडुकराच्या नुकसानीची भरपाई मिळते. फारच त्रास असेल तर डुकरांच्या बंदोबस्तासाठी वन विभागाकडे लेखी अर्ज करायची वाट आहे.

ज्यांच्याकडे बुल-क्रॉस आधीच आहे त्यांनी तो सोडून देऊ नका. रस्त्यावर सोडलेला तसला कुत्रा सगळ्या गावाला भारी पडेल. दारात ठेवा, नसबंदी करून घ्या, साखळीने फिरवा, पोटभर घाला, जीव लावा. जनावराचा दोष नाही. त्याला ज्या कामासाठी घडवलं ते काम आपल्या शेतात नाही, एवढाच दोष.

तुमच्या शेतावर राखणीला कोण आहे, आणि त्याने कधी कळप परतवला का, ते लिहा. वाडीवरच्या जुन्या माणसांना विचारून लिहिलंत तर आणखी बरं. त्यांना कुत्र्याची जी पारख आहे ती कुठल्या व्हिडिओत मिळायची नाही.